आंब्याच्या कंत्राटावरून कायद्याचं संशोधन : एलएल.एम.च्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

आमच्या देवगडात ‘कलम’ म्हटलं की डोळ्यांसमोर झाड येतं, कायद्याचं पुस्तक नाही. एलएल.एम.च्या पहिल्या सत्रात गणपतीला घरी गेलो, तेव्हा ही दोन्ही कलमं एकदम अंगावर आली. काकांनी बाग तीन वर्षांच्या कराराने एका कंत्राटदाराला दिली होती. वाडीत कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं होतं, की हा माणूस उद्या कूळ म्हणून, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसल्यावरून तिच्यावर हक्क सांगणारा म्हणून, उभा राहील. काका मला म्हणाले, “आंबे काढूक दिले म्हणान बाग दिली काय रे? तू येवढो शिकलस, सांग बघू.”

मी म्हटलं, “कुळकायद्यात बघायला लागेल.” एलएल.बी. झालेल्या माणसाचं हे उत्तर! पण पुढचे काही महिने त्या एका प्रश्नाच्या मागे लागलो आणि वर्गात जे डोक्यावरून जात होतं ते हळूहळू बसायला लागलं. म्हणून हा सगळा लेख त्याच प्रश्नावर लिहितोय. तुमच्या घरी बाग नसेल तर सामाईक विहीर घ्या, पाणंदीचा वाद घ्या, किनाऱ्यावरच्या होम-स्टेची परवानगी घ्या. ज्याच्या वस्तुस्थितीतला बारीकसारीक तपशील तुम्हाला तोंडपाठ आहे, असा एक प्रश्न मात्र हवाच.

प्रश्न लहान करा, अजून लहान करा

मार्गदर्शक सरांकडे मी पहिल्यांदा नेलेला विषय होता ‘कोकणातील कुळकायदा : एक चिकित्सक अभ्यास’. त्यांनी विचारलं, “यात तुम्हाला नेमकं काय माहीत नाही?” मला सांगता येईना. ज्या विषयात आपल्याला काय माहीत नाही हे सांगता येत नाही, त्यावर प्रबंध लिहायला बसलं की खोतीपासून सुरुवात होते आणि शंभर पानांनंतरही आपण १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यापाशीच असतो.

मी जे केलं ते असं. आधी कोऱ्या कागदावर वस्तुस्थिती लिहून काढली, एका ओळीत एकच गोष्ट. पैसे कोण देतो, कधी देतो, एकरकमी की फळाच्या हिश्श्याने? मोहोराची फवारणी कोण करतं? खत कोण घालतं, मोहोरासाठीचं कल्टार हे औषध कोण देतं? राखणीचा गडी कोणाचा? पावसाळ्यात गवत कोण काढतं? बागेला गडगा (दगडी कुंपण) आहे का, बेड्याची (फाटकाची) चावी कोणाकडे? करार लेखी आहे की तोंडी, आणि त्यात ‘फळ’ विकलं असं म्हटलंय की ‘बाग दिली’ असं? पीक पाहणीत नाव कोणाचं? मालक गावात राहतो की मुंबईला?

मग प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न टाकला : ही गोष्ट उलटी असती तर उत्तर बदललं असतं का? बेड्याच्या चावीने कदाचित थोडा फरक पडेल. कंत्राटदार गावचा की परगावचा याने बहुधा काहीच नाही. फवारणी आणि खत कोण करतं याने मात्र खूप फरक पडेल असं वाटलं. का वाटलं ते तेव्हा सांगता येत नव्हतं, कलम वाचल्यावर कळलं.

शेवटी प्रश्न असा उरला : फळं काढण्याच्या कराराबरोबर बागेची वर्षभराची मशागतही कंत्राटदारच करत असेल, तर तो कुळकायद्याच्या अर्थाने जमीन ‘कसतो’ का? एका वाक्यात बसणारा, दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल असा प्रश्न. तुमचा प्रश्न एका श्वासात वाचून होत नसेल तर तो अजून मोठा आहे.

निवाड्यांकडे धावू नका, आधी कलम वाचा

नव्या विद्यार्थ्याचा हात सवयीने सर्च बॉक्सकडे जातो. माझाही गेला होता. ‘टेनंट’, ‘मँगो’ असं टाकलं आणि हजारभर निकाल समोर आले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी कलम एकदाही उघडलं नव्हतं, याची आता लाज वाटते.

हा कायदा १९४८ चा. आज त्याचं नाव महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आहे. २०१२ पर्यंत त्याच्या नावात ‘मुंबई’ होतं, म्हणून जुन्या निवाड्यांत तो ‘बॉम्बे टेनन्सी अॅक्ट’ म्हणूनच भेटतो. शोध घेताना दोन्ही नावं टाकावी लागतात. कलम ४ मानीव कुळाचं आहे : दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जाईल, जर मालक ती जमीन स्वतः कसत नसेल, आणि कसणारा माणूस तीनांपैकी कोणी नसेल. ते तीन म्हणजे मालकाच्या कुटुंबातला माणूस. रोख किंवा वस्तूरूपात (पण पिकाच्या हिश्श्याने नव्हे) मजुरी घेणारा नोकर किंवा मालकाच्या देखरेखीखालचा मजूर. आणि ताब्यासह गहाण घेणारा.

इथे थांबून कलमाचे तुकडे करा. पेन्सिल घ्या आणि ‘आणि’, ‘किंवा’, ‘जर’, ‘परंतु’, ‘केवळ’ हे शब्द गोल करा. कायद्यात नामांपेक्षा या छोट्या शब्दांचं वजन जास्त असतं. कलम ४ मधून किमान चार स्वतंत्र प्रश्न निघतात : जमीन दुसऱ्याची आहे का, ताबा कायदेशीर आहे का, तो ‘कसतो’ का, मालक ‘स्वतः कसतो’ का. पहिल्या तिन्हींचं उत्तर ‘हो’, चौथ्याचं ‘नाही’ आलं आणि तो त्या तीन अपवादांत बसत नसला, तरच कूळ.

मग प्रत्येक शब्दासाठी व्याख्येकडे जायचं. ‘शेती’मध्ये फळबागा येतात हे कलम २(१) सांगतं, म्हणजे ‘आंब्याची बाग ही शेतीच नाही’ हा मार्ग तिथेच बंद. कलम २(५) मध्ये ‘कसणे’ची व्याख्या आहे आणि तिच्याखालच्या स्पष्टीकरणात काकांचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं बसलंय. गवत कापण्याचं किंवा झाडांची फळं वा इतर उत्पन्न काढण्याचं कंत्राट घेणारा माणूस केवळ तेवढ्यावरून जमीन कसतो असं मानलं जाणार नाही.

हे सापडल्यावर मी पुस्तक मिटून घरी फोन लावणार होतो. बरं झालं लावला नाही. ‘केवळ तेवढ्यावरून’ हे शब्द पुन्हा वाचा. कंत्राटदार कधीच कसणारा ठरत नाही, असं कायदा म्हणत नाही. फळं काढण्याचं कंत्राट हा एकटा धागा पुरेसा नाही, एवढंच तो म्हणतो. त्या धाग्याला फवारणी, खत, आळी करणं, वर्षभराची राखण असे आणखी धागे जोडले तर? वस्तुस्थितीच्या यादीत फवारणीची ओळ का खटकली होती, त्याचं उत्तर इथे होतं.

चौथा प्रश्न कोकणात खास महत्त्वाचा, कारण इथले कितीतरी मालक चाकरमानी. कलम २(६) प्रमाणे ‘स्वतः कसणे’ यात स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या कष्टाने कसणं तर येतंच, पण स्वतःच्या किंवा कुटुंबातल्या माणसाच्या देखरेखीखाली मजूर लावून कसणंही येतं. मालक अंधेरीला आणि भाऊ बागेत, याचा अर्थ काय लावायचा? हा आणखी एक प्रबंध होईल. मी तो सोडून दिला. तुम्हालाही असे फाटे सोडून द्यावे लागतील. फक्त वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवा.

एक वाट प्रत्येक प्रश्नात आधी तपासायची : हा प्रश्न ठरवणार कोण? कूळ आहे की नाही हे कलम ७०(ब) प्रमाणे मामलेदार, म्हणजे आजचे तहसीलदार, ठरवतात. कलम ८५ दिवाणी न्यायालयाला तिथे मज्जाव करतं. आणि दिवाणी दाव्यात तो मुद्दा निघाला तर ८५अ प्रमाणे तो तहसीलदारांकडे पाठवावा लागतो. अधिकारक्षेत्र न बघता लिहिलेला सुंदर युक्तिवाद चुकीच्या फलाटावर उभं राहून गाडीची वाट बघण्यासारखा असतो.

कलमाचा मजकूर इंडिया कोडवरून किंवा राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून घ्या आणि दुरुस्त्यांच्या तळटीपा वाचाच. कृषक दिन, म्हणजे कूळ जमिनीचा खरेदीदार मानला गेला तो १ एप्रिल १९५७ हा दिवस, या कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने आला. त्याआधीचा एखादा निवाडा वाचताना तेव्हा कायद्याचा मजकूर वेगळा होता हे विसरलात, तर सगळी इमारत तिरकी होते.

शोध : शब्द, स्पेलिंग आणि गुजरात

आता सर्च बॉक्स. निवाडे शोधायचं इंडियन कानून हे संकेतस्थळ फुकट आहे आणि सुरुवातीला पुरतं. एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्रा हे निवाड्यांचे सशुल्क संग्रह विद्यापीठाच्या लॉगिनवर मिळतात. घरून चालतं का ते ग्रंथपालांना पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा, कारण दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर विचारायला कोणी नसतं. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत वृत्तांत २०२३ पासून ई-एससीआरवर मोफत आहेत. उच्च न्यायालयांच्या निकालांसाठी ई-कोर्ट्सचं जजमेंट पोर्टल आहे.

विषयाचं नाव टाकून शोधू नका. कलमातले शब्द इंग्रजीत, अवतरणचिन्हांत टाका. माझा सगळ्यात उपयोगी शोध होता ‘गॅदर द फ्रूट्स’ आणि ‘टेनन्सी’ एकत्र. ‘मँगो’ने आला नव्हता तो माल त्याने आला. न्यायाधीश आंब्याबद्दल लिहितीलच असं नाही, पण स्पष्टीकरण लावायचं तर त्यातले शब्द त्यांना उतरवावेच लागतात. नारळ, सुपारी, चिकू, गवताचं कुरण, सगळीकडे तेच शब्द.

दोन सापळे इथे आहेत. महाराष्ट्रात कुळांचे कायदे तीन : पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाचा हा १९४८ चा, मराठवाड्याचा १९५० चा हैदराबाद कायदा आणि विदर्भाचा १९५८ चा. नागपूर किंवा औरंगाबाद खंडपीठाचा निकाल दिसला की आधी तो कोणत्या कायद्याखालचा हे बघायचं. कलमांचे आकडेही वेगळे असतात. गोव्याचा कायदा तर अजूनच वेगळा, १९६४ चा.

दुसरा सापळा म्हणजे खरं तर खजिना आहे. १ मे १९६० पर्यंत गुजरात आणि आपण एकाच मुंबई राज्यात होतो, त्यामुळे गुजरातलाही हाच १९४८ चा कायदा मिळाला. नुसतं ‘महाराष्ट्र’ असं गाळणं लावलं की त्याच शब्दांवरचे गुजरात उच्च न्यायालयाचे निकाल हातचे जातात. ते आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण त्याच मजकुरावरचं मत म्हणून त्यांना वजन आहे.

प्रत्येक शोधाची नोंद ठेवा : तारीख, कुठे, कोणते शब्द, किती निकाल, कोणते उघडले, कोणते का टाकले. कंटाळवाणं काम आहे. पण मार्चमध्ये मार्गदर्शक “हे बघितलंत का?” विचारतात, तेव्हा हीच वही वाचवते. आणि पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ठेवा. पावसात आमच्याकडे वीज जाते, पाठोपाठ टॉवर जातो, आणि मग दोन दिवस हातात असतं ते फक्त उतरवून ठेवलेलं.

निवाडा वाचणं

इथे मी सपशेल आपटलोय. पहिल्याच सेमिनारला एक ‘तत्त्व’ ठासून मांडलं. सरांनी शांतपणे विचारलं, “कितवा परिच्छेद?” मी हेडनोट वाचून आलो होतो. ते वाक्य निवाड्यात नव्हतंच, संपादकाने केलेला तो सारांश होता. हेडनोट हा निवाड्याचा भाग नसतो. तेव्हापासून माझ्या नोंदीत परिच्छेद क्रमांकाशिवाय एकही ओळ येत नाही.

मी या क्रमाने वाचतो. आधी शेवट : काय आदेश झाला, कोण जिंकलं. मग वस्तुस्थिती. मग न्यायालयाने स्वतःपुढे ठेवलेला प्रश्न. दोन्ही वकिलांचे युक्तिवाद त्यानंतर, आणि ते वाचताना समासात मोठा ‘यु’ लिहायचा, कारण वकिलाचं म्हणणं न्यायालयाचं म्हणून उद्धृत करण्याची चूक भल्याभल्यांकडून होते. सगळ्यात शेवटी कारणमीमांसा, दोनदा.

उदाहरण घेऊ. दाह्या लाला विरुद्ध रसूल महंमद अब्दुल रहीम, एआयआर १९६४ एससी १३२०. जमीन ताब्यासह गहाण होती. गहाण घेणाऱ्याने ती दुसऱ्याला कसायला दिली. गहाण सुटल्यावर मालकाने ताबा मागितला. मालक म्हणतो, मी याला कधी जमीन दिलीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कलम ४ साठी कसण्याची परवानगी थेट मालकाकडूनच आलेली असली पाहिजे असं नाही. कायदेशीरपणे कसणारा आणि अपवादांत न बसणारा माणूस मानीव कूळ ठरतो.

यातला निर्णायक भाग, म्हणजे रेशो, कोणता? एक जुनी चाचणी आहे : ते विधान उलटं करून बघा. ‘परवानगी थेट मालकाकडूनच आली पाहिजे’ असं धरलं तर निकाल फिरतो. म्हणजे तो रेशो. उलटं करूनही निकाल तसाच राहत असेल तर ते ओबिटर, जाता जाता केलेलं भाष्य. ही उलट करून बघण्याची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गुजरातच्या युटिलिटी युजर्स वेल्फेअर असोसिएशनच्या प्रकरणात वापरली आहे.

आता हा निवाडा काकांच्या बागेला लावा. कंत्राटदाराचा वकील तो नक्की पुढे करेल. पण त्या प्रकरणातला माणूस जमीन कसत होता का, यावर हा वाद नव्हता. वाद होता परवानगी कोणाची यावर. आपल्याकडे परवानगी मालकाचीच आहे, वाद ‘कसणे’ या शब्दावर आहे. म्हणजे निवाडा मोठा, बंधनकारक, आणि आपल्या नेमक्या प्रश्नावर गप्प. एलएल.एम.मध्ये सगळ्यात जास्त वेळ मला हे शिकायला लागला : निवाडा किती दूरपर्यंत बोलतो आणि कुठे गप्प होतो, हे ओळखणं.

एकाच निकालात अनेक मतं असतील तर प्रत्येक मताचा वेगळा रकाना करा. गोपनीयतेच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांचा निकाल एकमताने आला, पण मतं सहा लिहिली गेली. ‘न्यायालय म्हणालं’ असं लिहिण्याआधी त्यातल्या किती जणांनी ते म्हटलंय हे मोजावं लागतं.

वजन काटा

राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ मुळे सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सगळ्यांवर बंधनकारक. लहान पीठ मोठ्या पीठाला बांधील. उच्च न्यायालयात एकल न्यायाधीश खंडपीठाला बांधील. पटलं नाही तर प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगता येतं, वेगळा निकाल देता येत नाही. महसूल न्यायाधिकरणापुढून येणारी कुळांची प्रकरणं उच्च न्यायालयात बहुतेक अनुच्छेद २२७ खाली एकल न्यायाधीशांसमोर येतात. त्यामुळे एकमेकांशी न जुळणारे एकल निकाल भेटले तर दचकू नका. तारीख, वस्तुस्थिती आणि आधीचा निकाल त्यांना दाखवला गेला होता का, हे बघा. १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीची प्रकरणं कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, पण न्यायालय तेच आहे. मुंबईत झालेले निकाल तिथेही तितकेच लागू.

निवाडा आजही जिवंत आहे का, हे शेवटी तपासा : नंतर कोणी उद्धृत केला, वेगळा ठरवला, रद्द केला? फौजदारी विषय घेणाऱ्यांना तर १ जुलै २०२४ नंतर दुप्पट काम आहे. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. नुसता आकडा टाकून शोधणाऱ्याच्या पदरात भलतंच पडतं.

तलाठ्याकडे आणि बागेत

पुस्तकी प्रश्नालाही जमिनीवर नेऊन बघा. सात-बाऱ्यावरची नोंद महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, म्हणून उतारा आणि फेरफार वाचायला शिकाच. करारांचे नमुने मिळवा. मला दाखवले गेले त्यांत एकात ‘फळ विक्री’ होती, तर दुसऱ्यात ‘बाग खंडाने दिली’. लिहिणाऱ्याने सहज लिहिलेला ‘खंड’, म्हणजे कुळाने मालकाला द्यायचं भाडं, हा शब्द कुळाच्या वादात मात्र सहज राहत नाही. लोकांशी बोललात तर आधी सांगा की अभ्यासासाठी विचारतोय, नावं गाळा, आणि चार बागांवरून ‘कोकणात असं चालतं’ असं लिहू नका.

लिहायला बसल्यावर

मुद्दा, नियम, लावणं, निष्कर्ष हा साचा चांगला आहे, पण एलएल.एम.ला त्यात एक जागा वाढवावी लागते : विरोधी बाजूचा सगळ्यात बळकट युक्तिवाद, त्याच्याच वकिलाला आवडेल अशा शब्दांत. तो लिहून झाल्यावर आपलं मत टिकलं तर ठेवा.

चॅटबॉटने दिलेला एकही संदर्भ मूळ निवाडा उघडल्याशिवाय घेऊ नका. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एआयने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला. मजकुराच्या साम्याची मर्यादा यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्के आहे. त्याच्या वर गेलात की कारवाईच्या पायऱ्या सुरू. आधी तुमच्या विषयावर कोणी लिहिलंय ते शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात बघून घ्या. संदर्भ द्यायची पद्धत कॉलेज सांगेल ती, पण पहिल्या दिवसापासून एकच.

माझ्या पहिल्या मसुद्यातला निष्कर्ष इथे देतो, तुम्हाला आकाराची कल्पना यावी म्हणून : ‘फक्त फळं काढण्याचा करार असेल तर कलम २(५) च्या स्पष्टीकरणामुळे कंत्राटदार जमीन कसतो असं म्हणता येणार नाही. परंतु “केवळ तेवढ्यावरून” या शब्दांमुळे, मशागतही त्याच्याकडे असल्यास हे संरक्षण मालकाला आपोआप मिळत नाही. अशा वेळी मशागत कोणाच्या खर्चाने, कोणाच्या देखरेखीखाली आणि करारातल्या कोणत्या शब्दांखाली झाली, यावर उत्तर अवलंबून राहील.’

शिमग्याला गेलो तेव्हा हाच कागद काकांना वाचून दाखवला, आणि पुढचा करार लेखी करा, त्यात खत-फवारणी कोणाकडे हे स्पष्ट लिहा, आणि कागद गावच्या वकिलाला दाखवा, असं सांगितलं. काकांनी तो घडी करून खिशात घातला.

“बरा,” ते म्हणाले, “आणि काजूचा काय?”